अकरा महिन्यांचा करार, तेरा वर्षांचे पिल्लू

भटक्या कुत्र्यांचा प्रश्न न्यायालयापासून चहाच्या गाड्यापर्यंत सगळीकडे गाजतो आहे. या वादात एक वाक्य हमखास ऐकू येते : 'एवढा पुळका असेल, तर घरी घेऊन जा.' वाक्य टोमणा म्हणून फेकले जाते. पण आता त्याला न्यायालयीन आदेशाचेही वजन आले आहे. २२ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने आपल्याच न्यायालयाचा ११ ऑगस्टचा आदेश सौम्य केला. दिल्ली परिसरातील सगळी कुत्री सरसकट निवाऱ्यात डांबण्याऐवजी निर्बीजीकरण व लसीकरण करून त्यांना मूळ जागी सोडावे, पिसाळलेली व आक्रमक कुत्री तेवढी वगळावीत, असे पीठाने सांगितले आणि प्रकरणाची व्याप्ती देशभर वाढवली. त्याच आदेशात आणखी एक तरतूद होती. ज्यांना कळकळ आहे त्यांनी पालिकेकडे अर्ज करून रस्त्यावरचे कुत्रे रीतसर दत्तक घ्यावे. मात्र ते पुन्हा रस्त्यावर येणार नाही, ही जबाबदारी त्या अर्जदाराची राहील.

या सल्ल्यातील 'कुत्रा' या शब्दावर पुष्कळ शाई खर्च झाली आहे. 'घरी' हा शब्द मात्र कुणी तपासून पाहिलेला नाही. घर कुणाचे, किती दिवसांचे आणि कुणाच्या अटींवर मिळालेले, हे विचारल्याशिवाय दत्तकाचा सल्ला पुरा होत नाही. गेल्या मार्गशीर्षात हा प्रश्न माझ्यापुढे येऊन बसला, म्हणून हा लेख.

भाद्रपदात कुत्र्यांचा हंगाम येतो आणि त्यानंतर साधारण दोन महिन्यांनी पिल्ले दिसू लागतात. आमच्या कार्यालयाच्या जिन्याखाली अशीच दोन पिल्ले होती. त्यांची आई एका पहाटे महामार्गावर गाडीखाली गेली, तेव्हा ती जेमतेम सहा आठवड्यांची असतील. रात्रपाळी संपवून उतरताना त्यातले एक, तांबूस अंगाचे आणि एकच पाय पांढरा असलेले, माझ्या चपलेवर येऊन झोपले. मी आईसह पर्वरीत तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांच्या भाड्याच्या सदनिकेत राहते. आमच्या कराराचे नववे कलम म्हणते की, सदर जागेत कोणताही पाळीव प्राणी ठेवता येणार नाही. चपलेवर झोपलेले पिल्लू आणि नववे कलम यांच्यामध्ये तीन आठवडे गेले. त्या काळात जे वाचले, विचारले आणि समजून घेतले, ते केवळ माझ्यापुरते नाही असे वाटते.

अंगणातून सदनिकेत

पिल्लू घ्यावे का, असे मी आईला विचारले तेव्हा ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "आपण कुत्रा कधी आणला नाही गं. तो असायचा." तिचे बालपण सत्तरीत गेले. कुळागराला लागून घर, माकडे आणि रानडुकरे हाकलायला दोन-तीन कुत्री, त्यांना उरलेली पेज आणि माशांचे काटे. त्यांचे नाव घराण्याइतकेच जुने. एक मेले की तेच नाव दुसऱ्याला. कुत्रा पाळण्याचा 'निर्णय' त्या घरात कुणी कधी घेतल्याचे तिला आठवत नाही.

या आठवणीला सोन्याचा मुलामा देण्याचे कारण नाही. त्यातल्या एका कुत्र्याला बिबट्याने ओट्यावरून उचलले होते. लस कुणी टोचत नसे. कुत्रीला माद्या फार झाल्या की पोत्यात घालून बाजाराच्या गावी सोडून येत. ती व्यवस्था दयाळू होती असे म्हणवत नाही, पण तिच्यात जागेचा प्रश्न नव्हता. अंगण होते आणि त्या अंगणावर घराचा हक्क होता. मुंडकाराच्या घरालाही १९७५ च्या कायद्याने निष्कासनापासून संरक्षण दिले. त्याच्या उंबऱ्यावरचे कुत्रे कुणी उठवू शकत नव्हते.

आज चित्र पालटले आहे. २०११ च्या जनगणनेतच गोव्यातील ६२ टक्के लोक शहरी भागात राहत होते आणि त्यानंतरच्या पंधरा वर्षांत पर्वरी, फोंडा, मडगाव, वास्कोत काय उभे राहिले ते आपण रोज पाहतो. नोकरीसाठी तालुका सोडून आलेला मनुष्य सदनिकेत राहतो. तीही बहुधा भाड्याने. अंगण गेले आणि त्याच्या जागी सामाईक जिना, सामाईक उद्वाहन आणि सामाईक वाहनतळ आले. जे पूर्वी आपसूक घडे, त्यासाठी आता परवानगी लागते. निर्णयाचे ओझे तिथून सुरू होते.

संस्था काय करू शकत नाही

पहिला गैरसमज गृहनिर्माण संस्थांविषयी आहे. 'आमच्या इमारतीत कुत्री चालत नाहीत, सर्वसाधारण सभेने ठराव केला आहे', असे आपण ऐकतो आणि विषय संपला असे मानतो. तो तसा संपत नाही. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने २०१५ साली रहिवासी संघटनांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांचा आशय स्पष्ट आहे : बहुमताने ठराव करून किंवा उपविधी बदलूनही संस्थेला रहिवाशाच्या पाळीव प्राण्यावर बंदी घालता येत नाही, उद्वाहनाचा वापर नाकारता येत नाही किंवा त्यासाठी वेगळे शुल्क लावता येत नाही, कुत्रा भुंकतो एवढ्या कारणावरून तो काढून टाका असे म्हणता येत नाही. त्याच सूचना मालकाचीही कर्तव्ये सांगतात. लसीकरण वेळेवर करावे, सामाईक जागेत कुत्र्याला साखळीवर धरावे, त्याने केलेली घाण स्वतः उचलावी, शेजाऱ्यांना त्रास होणार नाही असे वळण लावावे.

या सूचना म्हणजे संसदेने केलेला कायदा नव्हे, हे खरे. पण २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये केरळ उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने, रहिवाशांना पाळीव प्राणी ठेवण्यास बंदी करणारी उपविधींतील कलमे बेकायदा, घटनाबाह्य आणि अंमलबजावणीस अपात्र ठरवली. राज्यघटनेच्या ५१-अ (ग) या अनुच्छेदाने प्राणिमात्रांविषयी दया बाळगणे हे नागरिकाचे मूलभूत कर्तव्य मानले आहे, त्याच्याही आधारे हा विचार झाला. केरळचा निर्णय गोव्यावर बंधनकारक नाही. मात्र इथल्या न्यायालयापुढे तो आधार म्हणून ठेवता येतो. थोडक्यात, स्वतःच्या सदनिकेत राहणाऱ्या माणसाला संस्थेच्या सचिवाने दरडावले, तर त्याच्या हातात उत्तर आहे. नोटीस आली म्हणून भेदरून कुत्रा सोडून देणारी कुटुंबे आहेत. त्यांनी आधी लेखी उत्तर द्यावे.

भाडेकरूचे काय?

या उत्तराचा भाडेकरूला मात्र अर्धाच उपयोग आहे. संस्थेची बंदी आणि घरमालकाची अट या दोन निराळ्या गोष्टी आहेत. संस्था रहिवाशांवर सामुदायिक नियम लादते. घरमालक करार करतो आणि त्यावर भाडेकरूने सही केलेली असते. मंडळाच्या सूचनांनी संस्थेला आवर घातला, तरी दोन व्यक्तींमधील खासगी कराराचा प्रश्न त्यातून सुटत नाही.

त्यात आपल्याकडील कराराचे स्वरूप पाहा. एका वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी १९०८ च्या नोंदणी कायद्यानुसार सक्तीची आहे. त्या खटाटोपातून सुटण्यासाठी अकरा महिन्यांची रूढी पडली. शिवाय बहुतेक करार भाडेपट्ट्याचे नसतातच. ते 'लिव्ह अँड लायसन्स' असतात. लायसन्स म्हणजे जागा वापरण्याची निव्वळ अनुज्ञा. १९६८ च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडेकरूला दिलेले संरक्षण आपल्याला लागू पडू नये, यासाठीच मालक ही वाट धरतात. मुदत संपली की नूतनीकरण करायचे की नाही, ही मालकाची मर्जी. कारण सांगण्याचीही गरज नाही. म्हणजे नववे कलम उद्या एखाद्या न्यायालयाने रद्द ठरवले, तरी मालकाला काही अडणार नाही. तो फक्त अकरा महिने थांबेल.

आता आकडेमोड करू. घरात नीट सांभाळलेले देशी कुत्रे बारा ते पंधरा वर्षे जगते. मधला तेराचा आकडा धरला तर १५६ महिने होतात. अकरा महिन्यांचा एक करार या हिशेबाने चौदा करार पूर्ण होऊन पंधरावा सुरू होतो. चौदा वेळा कुणाच्या तरी मर्जीची परीक्षा. ज्याच्या हाती जागेचा सर्वांत कमी हक्क, त्याने सर्वांत लांब मुदतीचे वचन द्यायचे, असा हा व्यवहार आहे. पिल्लू घेताना आपण त्याच्या डोळ्यांकडे पाहतो; पाहायला हवे ते या चौदाच्या आकड्याकडे.

तोंडी होकार

आमच्या घरमालकीण काकी वाईट बाई नाहीत. त्यांच्या बार्देशातल्या घरी स्वतःची दोन कुत्री आहेत. मी फोन केला तेव्हा त्या लगेच म्हणाल्या, "ठेव गं. माझी काही हरकत नाही." मी म्हटले, "काकी, मग करारात तेवढी एक ओळ बदलून घेऊ या." पलीकडे क्षणभर शांतता. "कागदावर मात्र नको. उद्या सोसायटीच्या सेक्रेटरीने विचारले, तर मला ठाऊकच नव्हते असे सांगेन. तू सांभाळून घे."

असा तोंडी होकार आपल्याकडे सर्रास मिळतो आणि पुष्कळजण त्यावर विसंबून पिल्लू आणतात. सगळे सुरळीत असते तोवर तो पुरतोही. पण पहिली तक्रार आली की त्याची किंमत कळते. मालकाला काहीच गमवावे लागत नाही. उलट करारभंग केला म्हणून अनामत रक्कम अडवून ठेवण्याची सोय त्याला मिळते. भाडेकरूला महिन्याभरात दुसरे घर शोधायचे असते, आणि 'कुत्रा आहे' म्हटल्यावर दहांपैकी किती दारे उघडतात, हे शोधणाऱ्यालाच ठाऊक. एकट्या स्त्रियांना, अविवाहितांना, अमुक खाणाऱ्यांना आणि तमुक धर्माच्यांना घर नाकारणारी आपली शहरे कुत्र्यासाठी वेगळा न्याय लावतील असे समजणे भाबडेपणाचे आहे. अशा कोंडीत शेवटी घर निवडले जाते आणि कुत्रा सुटतो. घर बदलणे हे पाळलेली कुत्री सोडून देण्याच्या नेहमीच्या कारणांपैकी एक आहे. सोडणाऱ्यांत क्रूर माणसे थोडी; आपल्या करारापेक्षा मोठा शब्द दिलेली माणसे पुष्कळ.

कायद्याच्या दृष्टीने हे सोडणे गुन्हा आहे. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याचे अकरावे कलम, उपासमार होईल अशा स्थितीत प्राण्याला वाऱ्यावर सोडणाऱ्याला दोषी धरते. पहिल्या अपराधाला दंड किती? कमीत कमी दहा रुपये, जास्तीत जास्त पन्नास. साठ वर्षांपूर्वीचा हा आकडा आजही तसाच आहे. कायद्याने निर्णय सोपा होईल, या आशेवर राहू नये, ते यासाठीच.

पिल्लू नेमके काय मागते

जागेचा प्रश्न क्षणभर बाजूला ठेवला, तरी पिल्लाचा दिवस मोजून पाहावा लागतो. पिल्लाला लघवी रोखण्याची शक्ती साधारणपणे वयाच्या प्रत्येक महिन्यामागे एक तास असते. दोन महिन्यांचे पिल्लू दोन तास कळ काढू शकते. म्हणजे रात्रीही दोन-तीनदा उठणे आले. आठ आठवडे पुरे होण्याआधी त्याला आई-भावंडांपासून तोडू नये, असे पशुवैद्य सांगतात, कारण चावा किती जोराने घ्यायचा नाही हे ते भावंडांशी खेळतानाच शिकते. सहा ते आठ आठवड्यांपासून पार्व्हो, डिस्टेंपर यांच्या लसी सुरू होतात आणि तीन-चार आठवड्यांच्या अंतराने चौथ्या महिन्यापर्यंत चालतात. रेबीजची लस तिसऱ्या महिन्यात आणि पुढे दर वर्षी. हा क्रम पुरा होईपर्यंत त्याला रस्त्यावरच्या मातीत मोकळे सोडणे धोक्याचे. पार्व्होने पिल्ले दोन-तीन दिवसांत जातात. चौथ्या ते सहाव्या महिन्यात दुधाचे दात पडून नवे येतात आणि तेव्हा त्याला काहीतरी कुरतडायचेच असते. भाड्याच्या घरात ते 'काहीतरी' म्हणजे मालकाच्या दाराची चौकट.

माझी पाळी दुपारी चारला सुरू होते आणि रात्री बारानंतर संपते. आईचे गुडघे तिसरा मजला दिवसातून एकदाच चढू देतात. इमारतीला उद्वाहन आहे, पण वीज गेली की ते नाही, आणि पावसाळ्यात वीज कधी जाते ते आपण जाणतोच. एकटे ठेवलेले पिल्लू रडते. तो आवाज खालच्या मजल्यावरच्या माणसाच्या उशाशी पोहोचतो आणि तक्रार तिथे जन्म घेते. म्हणून जागेची मोजणी करताना खोल्या मोजू नयेत. घरात जागे असलेल्या माणसांचे तास मोजावेत. छोट्या सदनिकेत कुत्रा सुखाने राहू शकतो. रिकाम्या सदनिकेत नाही.

इथे एक पर्याय आपण विसरतो. सदनिकेत राहणाऱ्याने पिल्लूच घेतले पाहिजे असे नाही. आश्रयगृहांत तीन-चार वर्षांची, निर्बीजीकरण आणि लसीकरण झालेली कुत्री असतात. त्यांचा स्वभाव कळलेला असतो : हा भुंकतो, ही मुलांना घाबरते, हा जिना चढतो. असे कुत्रे दोन आठवडे घरी ठेवून पाहता येते का, हे संस्थेला विचारता येते. मोठ्या कुत्र्याचे वचनही लहान असते. चौदा करारांऐवजी नऊ-दहा. पिल्लाचा मोह सुटला, तर भाडेकरूसाठी हाच अधिक शहाणपणाचा मार्ग आहे.

ज्यांना नको, त्यांची बाजू

कुत्रा नको म्हणणाऱ्या शेजाऱ्याला 'प्राणिद्वेष्टा' ठरवून मोकळे होणे ही या चर्चेतली दुसरी लबाडी. आमच्या इमारतीत एक मूल आहे. त्याला पूर्वी रस्त्यावर कुत्रा चावला आणि सुयांची मालिका त्याने भोगली. त्याच्या आईला उद्वाहनात साखळीवर बांधलेला कुत्राही सहन होत नाही. तिची भीती वेडगळ नाही. लस न घेता लक्षणे दिसू लागली की रेबीज जवळजवळ नेहमीच जीव घेतो. गोव्याने या रोगाविरुद्ध मोठे काम केले. 'मिशन रेबीज' आणि राज्य सरकार यांनी वर्षानुवर्षे वाड्यावाड्यांवर फिरून कुत्र्यांना लस टोचली आणि २०२१ मध्ये गोवा रेबीज नियंत्रित राज्य म्हणून जाहीर झाले. पण हे यश एकदा मिळवून कपाटात ठेवायचे नसते. किमान ७० टक्के कुत्र्यांचे लसीकरण सातत्याने राहिले, तरच साखळी तुटलेली राहते. घरातले कुत्रे लस चुकवते, तेव्हा शेजारणीच्या भीतीला आधार मिळतो.

म्हणून नियम असावेत. पण ते वागणुकीचे असावेत, अस्तित्वाचे नव्हेत. कुत्रा ठेवू नका असे म्हणण्याऐवजी त्याची लसनोंद कार्यालयात द्या, उद्वाहनात आधी कुणी असेल तर पुढची फेरी घ्या, घाण राहिली तर ती साफ करण्याचा खर्च भरा, असे संस्थांनी म्हणावे. अशा नियमांपुढे बेजबाबदार मालक टिकत नाही आणि जबाबदार मालकाला लपावे लागत नाही. आज उलट घडते. सरसकट बंदीमुळे कुत्रा चोरून ठेवला जातो, पहाटे अंधारात फिरवला जातो आणि पालिकेत त्याची नोंदही होत नाही, कारण नोंद म्हणजे पुरावा.

धोरणातला 'घरी'

आता पुन्हा न्यायालयाकडे. ऑक्टोबर २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने, भटक्या कुत्र्यांना खाऊ घालणाऱ्यांनी ती रीतसर दत्तक घेऊन घरी न्यावीत, असा आदेश दिला होता. पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्या सक्तीला स्थगिती दिली. सक्ती गेली, पण अपेक्षा राहिली, आणि ऑगस्ट २०२५ च्या आदेशात ती ऐच्छिक रूपाने परतली. त्यानंतर ७ नोव्हेंबरला शाळा, रुग्णालये, बसस्थानके, रेल्वे स्थानके, क्रीडासंकुले यांच्या आवारातली कुत्री हलवून निवाऱ्यात ठेवावीत आणि त्याच जागी परत सोडू नयेत, असा आदेश झाला. निवारे अपुरे आहेत, हे सर्वांना दिसते. म्हणजे दत्तकावरचा भार वाढत जाणार.

अशा वेळी दत्तक मोहिमांचे फलक लागतात, पिल्लांची छायाचित्रे फिरतात आणि अर्जात नाव, पत्ता, दूरध्वनी विचारला जातो. विचारायला हवा तो प्रश्न बहुधा वगळला जातो : घर स्वतःचे की भाड्याचे? भाड्याचे असेल तर मालकाची लेखी संमती आहे का? न्यायालयाच्या अटीनुसार दत्तक कुत्रे रस्त्यावर परत येता कामा नये. भाडेकरूला घर सोडावे लागले, तर ही अट पाळणे त्याच्या हातात उरत नाही. म्हणजे आपण त्याच्याकडून असे वचन घेतो, जे मोडण्याचा अधिकार तिसऱ्याच माणसाकडे आहे.

यावर उपाय अशक्य नाहीत. फ्रान्समध्ये १९७० पासून भाडेकरारातील पाळीव प्राण्यांवरची सरसकट बंदी कायद्याने निरर्थक ठरते. प्राण्याने नुकसान करू नये आणि शेजाऱ्यांची शांतता भंगू नये, एवढी अट. इंग्लंडमध्ये ऑक्टोबर २०२५ मध्ये राजसंमती मिळालेल्या भाडेकरू हक्क कायद्यात, भाडेकरूने लेखी विनंती केल्यास मालकाला ती सबळ कारणाशिवाय नाकारता येणार नाही, अशी तरतूद आहे. स्विंडनला भाड्याच्या घरात राहणाऱ्या आपल्या गोंयकाराला जे मागता येईल, ते पर्वरीत राहणाऱ्या त्याच्या बहिणीला मागता येत नाही.

आपल्याकडे कायदा येईल तेव्हा येईल. तोवर तीन गोष्टी उद्या सुरू करता येतील. पहिली, करारात बंदीच्या छापील कलमाऐवजी एक परिच्छेद असावा : कुत्र्यांची संख्या, लसनोंद, नुकसानीसाठी ठरावीक जादा अनामत आणि तक्रार आल्यास सुधारणेसाठी मुदत. मालकाच्या चौकटीचे भय खरे आहे. त्याला पैशाचे उत्तर देता येते. दुसरी, पालिका आणि प्राणीसंस्थांनी दत्तक अर्जालाच मालकाच्या संमतीपत्राचा नमुना जोडावा, म्हणजे ते मागण्याचा संकोच भाडेकरूच्या एकट्याच्या माथी येणार नाही. तिसरी, घर गेले तर काही आठवडे कुत्रा सांभाळणारी तात्पुरती घरे आणि विनाठपका परत घेण्याची सोय असावी. परत आणणाऱ्याला हिणवले की तो पुढच्या वेळी संस्थेकडे येत नाही. बाजाराकडे जातो, पोते घेऊन.

आमचा निर्णय

आम्ही पिल्लू घेतले नाही.

हे लिहिताना अभिमान वाटत नाही आणि लाजही वाटत नाही. काकींनी कागद नाकारला तेव्हा निम्मा निर्णय झाला होता. उरलेला निम्मा आईने केला. ती म्हणाली, "तू कामावर असताना ते रडले, तर मी त्याला घेऊन जिना उतरणार कशी?" या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते आणि कोणत्याही न्यायालयाकडेही नसावे.

भावंडांपैकी काळे पिल्लू आमच्या एका सहकाऱ्याच्या पेडण्याच्या घरी गेले. तिथे अंगण आहे आणि घर त्यांचे स्वतःचे आहे. पांढऱ्या पायाचे जिन्याखालीच राहिले. आम्ही चौघांनी वर्गणी काढून त्याच्या लसी केल्या, तीन महिन्यांचे झाल्यावर रेबीजचीही. सहा महिन्यांचे झाले की निर्बीजीकरणासाठी न्यायचे आहे. ते झाले की कानाला खाच पडेल. कार्यालयाच्या रखवालदाराने त्याला गोणपाट दिले आहे. रात्री बाराला मी उतरते तेव्हा ते शेपूट हलवत फाटकापर्यंत येते आणि महामार्गाच्या अलीकडे थांबते. रोज थांबेलच याची खात्री नाही. निर्णय बरोबर होता, असे मी म्हणते तेव्हा या खात्री नसण्यासह म्हणते.

आमचा करार येत्या महिन्यात संपतो. यंदा भाडे वाढणार असल्याने दुसरे घर पाहायला सुरुवात केली आहे. दलालाला मी पहिलीच अट सांगितली : करारात पाळीव प्राण्याची परवानगी लेखी हवी.

"कुत्रा आहे का तुमच्याकडे, मॅडम?"

"नाही."

"मग अट कशाला घालता? घरे कमी मिळतील."

मी म्हटले, "आधी घर. मग कुत्रा."

त्याने डायरीत काहीतरी लिहून घेतले. आतापर्यंत त्याने एकच घर दाखवले आहे; तळमजल्यावरचे, जरा लांब, मागे चार हात मोकळी जागा असलेले. आईला ते पसंत आहे. मालकाचे उत्तर अजून यायचे आहे.